धूसर क्षितिज : हवेतील सूक्ष्म कण आणि घटती दृश्यमानता

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विमानतळावरील हवामान निरीक्षकाच्या नोंदवहीत तापमान, वारा आणि वायुभार यांच्या जोडीला आणखी एक आकडा असतो. किती अंतरावरची वस्तू डोळ्यांना ओळखू येते, हे तो सांगतो. याला दृश्यमानता म्हणतात. अंतर ठाऊक असलेल्या काही ठळक खुणा, म्हणजे एखादी पाण्याची टाकी, गिरणीचे धुराडे, दूरची टेकडी, निरीक्षकाने ठरवून ठेवलेल्या असतात. त्यांपैकी शेवटची कोणती दिसते, यावरून तो अंतर लिहितो. मोठ्या विमानतळांवर आता हे काम यंत्रे करतात. पण मोजावयाची गोष्ट तीच राहिली आहे. दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्राच्या भाषेत धुके पडले असे म्हणतात.

हे धुके केवळ पाण्याच्या थेंबांचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. डोंगराळ मुलखातील पहाटेच्या धुक्यापुरता तो बव्हंशी खराही आहे. परंतु उत्तर भारताच्या मैदानावर हिवाळ्यात जे राखाडी आवरण दिवसचे दिवस पसरून राहते, त्याची घडण निराळी आहे. त्यात पाणी आहे, तसाच धूरही आहे आणि डोळ्यांना एकेकटे कधीच न दिसणारे कोट्यवधी घन व द्रव कण आहेत. मराठीत त्याला ‘धुरके’ हा नेमका शब्द आहे. हे धुरके समोरची वस्तू दिसेनाशी कशी करते आणि त्यावर गावपातळीवर काय करता येण्यासारखे आहे, हा या भाषणाचा विषय आहे.

स्वच्छ हवाही प्रकाश विखुरते

प्रकाशाच्या वाटेत एखादा कण आला की प्रकाशाचा काही भाग सरळ न जाता सर्व दिशांना फेकला जातो. याला प्रकाशाचे प्रकीर्णन, म्हणजे विखुरणे, असे म्हणतात; शालेय पुस्तकांत त्याला विकिरण हा शब्द आहे. हवेचे रेणूही हे काम करतात. लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये दाखवून दिले की, तरंगलांबीच्या मानाने अतिशय लहान असलेल्या कणांकडून आखूड तरंगलांबीचा निळा प्रकाश तांबड्या प्रकाशाच्या कितीतरी पट अधिक विखुरला जातो. तरंगलांबी निम्मी झाली, तर प्रकीर्णन सोळापट होते. आकाश निळे दिसते ते यामुळेच. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये समुद्रप्रवासात भूमध्य सागराचा निळा रंग पाहिला आणि पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, या विचाराचा पाठपुरावा केला. त्याच वाटेने १९२८ चा त्यांचा जगप्रसिद्ध शोध लागला.

हवेत केवळ रेणूच असते, तर समुद्रसपाटीवर दृश्यमानता सुमारे ३०० किलोमीटर भरली असती. तिच्या शंभराव्या हिश्शापर्यंत ती खाली येते, याचे कारण रेणूंखेरीज हवेत असलेल्या इतर कणांत शोधावे लागते.

कणाचे आकारमान महत्त्वाचे

हवेतील कणांचे माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, देतात. माणसाच्या केसाची जाडी ५० ते ७० मायक्रॉन असते. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांना सूक्ष्म कण म्हणतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन आहे. ज्या कणांचे आकारमान या लांबीच्या जवळपास असते, ते कण वजनाच्या मानाने सर्वांत अधिक प्रकाश विखुरतात. अशा कणांचे गणित गुस्ताव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडले. निरनिराळ्या आकारांचे असे कण हवेत एकत्र आले की सर्वच रंग कमीअधिक सारखे विखुरले जातात. म्हणून प्रदूषित आकाश निळे न दिसता पांढुरके दिसते.

एका साध्या हिशेबाने ही गोष्ट स्पष्ट होईल. धुळीचा १० मायक्रॉनचा एक गोल कण घेतला आणि तेवढ्याच वस्तुमानाचे अर्ध्या मायक्रॉनचे कण केले, तर त्यांची संख्या ८,००० होईल आणि प्रकाशाला अडविणारे त्यांचे एकूण क्षेत्रफळ वीसपट वाढेल. वजन गुंजभरही वाढले नाही, पण पडदा वीसपट रुंद झाला. यातच दुसरी अडचण आहे. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत तासाला सुमारे १० मीटर खाली येतो. अर्ध्या मायक्रॉनचा कण तेवढ्याच वेळात ३ ते ४ सेंटिमीटरच उतरतो. रस्त्यावरून मालमोटार गेल्यावर उडालेली जाडी धूळ थोड्या वेळात खाली बसते. उसाच्या फडातून किंवा भट्टीतून निघालेला सूक्ष्म धूर मात्र वारा किंवा पाऊस येईपर्यंत हवेतच तरंगत राहतो आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो.

सर्वच सूक्ष्म कण धुराड्यातून कणरूपाने बाहेर पडतात असेही नाही. कोळसा व खनिज तेल जळताना गंधकाचा वायू निघतो, वाहनांतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात, शेणखत, गोठे व नत्रयुक्त खते यांतून अमोनिया उडून जातो. या वायूंचे हवेतल्या हवेत रासायनिक संयोग होऊन सल्फेट व नायट्रेट क्षारांचे कण तयार होतात. हे कण नेमके प्रकाशाला अडविणाऱ्या आकाराचे असतात.

वस्तू दिसेनाशी का होते?

दूरची टेकडी दिसते याचा अर्थ टेकडीकडून येणारा प्रकाश आणि तिच्या मागील आकाशाचा प्रकाश यांत डोळ्यांना फरक जाणवतो. वाटेतील कण हा फरक दोन प्रकारांनी पुसून टाकतात. टेकडीकडून निघालेल्या प्रकाशाचा काही भाग ते बाजूला फेकतात. आणि त्याच वेळी सूर्याचा भलताच प्रकाश पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे वळवितात. पहिल्या क्रियेने चित्र फिके होते. दुसरीने त्या चित्रावर पांढरा हात फिरविला जातो. म्हणूनच भर दुपारी, लख्ख उजेड असतानाही, दूरचा डोंगर हरवतो. उजेड कमी पडत नाही. नको तेथून येणारा उजेड अधिक होतो.

काजळीचे काम याहून वेगळे आहे. ती प्रकाश विखुरण्यापेक्षा गिळते अधिक. तिच्यामुळे आवरणाला काळपट छटा येते. नायट्रोजन डायऑक्साइड वायू निळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे शहरांवरील थराला तपकिरी रंग चढतो.

कोश्मीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये दृश्यमानतेचा सोपा नियम दिला. वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांतील फरक शेकडा २ वर आला की डोळ्यांना वस्तू ओळखता येत नाही, असे धरले, तर ३.९ या आकड्याला दर किलोमीटरमागील प्रकाशक्षयाच्या गुणांकाने भागले असता दृश्यमानता किलोमीटरमध्ये मिळते. कोरड्या सूक्ष्म कणांचा १ ग्रॅम सुमारे साडेतीन चौरस मीटर पडद्याइतके काम करतो, असे धरून हिशेब केला, तर पुढील चित्र दिसते. एका घनमीटर हवेत ३० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण असले, तर दृश्यमानता ३०० किलोमीटरवरून सुमारे ३३ किलोमीटरवर येते. १०० मायक्रोग्रॅमला ती ११ किलोमीटर, २०० ला साडेपाच आणि ३०० ला पावणेचार किलोमीटरच्या आसपास राहते.

या आकड्यांतून कारभार पाहणाऱ्यांनी एक धडा घेण्यासारखा आहे. स्वच्छ हवेत थोडीशी भर पडताच क्षितिज झपाट्याने जवळ येते. पण अत्यंत मळलेल्या हवेतून शंभर मायक्रोग्रॅम काढून टाकले, तरी डोळ्यांना जेमतेम दीड-दोन किलोमीटरचा फरक जाणवतो. ३०० चे २०० झाले म्हणजे श्वासावाटे आत जाणारा भार एक-तृतीयांशाने घटला, ही काही लहान गोष्ट नव्हे. तरी रस्त्यावरचा माणूस आकाशाकडे पाहून “काहीच फरक पडला नाही” असे म्हणतो आणि चांगल्या उपक्रमावरचा त्याचा विश्वास उडतो. अशा वेळी नागरिकांपुढे मोजमापाचे आकडे ठेवणे व सुधारणेचे फळ डोळ्यांना उशिरा दिसते हे समजावून देणे, हे शिक्षक व लोकप्रतिनिधी यांचे कर्तव्य ठरते.

ओलाव्याची भर

सल्फेट, नायट्रेट व क्लोराइड हे क्षार पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, हा घरोघरचा अनुभव आहे. हवेतील क्षारकणांचेही तेच होते. सापेक्ष आर्द्रता शेकडा ८० च्या पुढे गेली की हे कण फुगू लागतात आणि त्यांचे प्रकीर्णन कित्येक पटींनी वाढते. ते तिप्पट झाले, तर १०० मायक्रोग्रॅमचा ओला कण-समुदाय ३०० मायक्रोग्रॅमच्या कोरड्या समुदायाइतकाच पडदा उभा करतो. आर्द्रता १०० च्या घरात पोहोचली की याच कणांभोवती धुक्याचे थेंब धरतात. कण जितके अधिक, तितके थेंब संख्येने अधिक व आकाराने लहान. आणि असे धुके अधिक दाट होते.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचा एक निकटचा संबंध आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून धुक्याचा सविस्तर अभ्यास हाती घेतला. मद्रासच्या आयआयटीतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेले व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले दुसरे एक संशोधन याहून थेट बोध देणारे आहे. दिल्लीच्या हवेतील क्लोराइडयुक्त कण मोठ्या प्रमाणावर पाणी शोषून घेतात आणि कणांमुळे दृश्यमानतेत होणाऱ्या घटीचा जवळजवळ निम्मा वाटा त्यांच्याकडे जातो, असे या अभ्यासात आढळले. हे क्लोराइड जेथून येते, त्या संभाव्य उगमांत प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळणे हा एक प्रमुख आहे. उकिरड्यावर लावलेली काडी आणि धावपट्टीवर अडकून पडलेले विमान यांचा असा हा संबंध आहे.

दिल्लीचे मैदान आणि लंडनचा धडा

दिल्लीच्या भौगोलिक स्थितीने हा प्रश्न बिकट केला आहे. उत्तरेला हिमालयाची भिंत, हिवाळ्यात मंदावलेला वारा आणि कालव्यांच्या पाण्याने भिजलेली जमीन. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही गार व जड होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. एरवी वर जाऊन विरणारा धूर या झाकणाखाली कोंडला जातो. त्यातच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब व हरियाणातील भाताची धसकटे जाळल्याचा धूर मिसळतो. भूजल वाचविण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी पुढे ढकलली. हेतू स्तुत्य होता; पण कापणीही पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस उरले. तो काडी लावतो ती या घाईपोटी. मात्र धसकटांचा हंगाम संपल्यावरही डिसेंबर-जानेवारीत धुरके टिकून राहते. वाहने, वीजकेंद्रे, वीटभट्ट्या, कारखाने, शेकोट्या व कचरा यांचा वाटा तेव्हा उघडा पडतो. एका शेतकऱ्यावर सगळा दोष टाकून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्लीतील शाळा तीन दिवस बंद ठेवाव्या लागल्या. ३ डिसेंबर २०१७ रोजी फिरोजशहा कोटला मैदानावर श्रीलंकेचे क्रिकेट खेळाडू तोंडावर मुखपट्ट्या बांधून खेळले आणि खेळ मध्येच थांबवावा लागला.

लंडनने हे पूर्वीच भोगले आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाचा धूर व धुके यांच्या मिश्रणाने ते शहर झाकून टाकले. रस्त्यात माणसाला आपली पावले दिसेनात. नाट्यगृहात शिरलेल्या धुरक्यामुळे चालू प्रयोग सोडून द्यावा लागला. त्या काळी सुमारे ४,००० बळींचा अंदाज होता. पुढील संशोधनाने तो १२,००० च्या आसपास नेला. १९५६ मध्ये ब्रिटनने शुद्ध हवेचा कायदा केला, धूरमुक्त विभाग ठरविले आणि घरोघरच्या शेगडीतील इंधन बदलण्यास अर्थसाहाय्य दिले. कायदा आणि पर्याय हे दोन्ही बरोबर आले, म्हणून ते साधले.

हवा स्वच्छ केल्यास दृष्टी परत मिळते, याचा पुरावा भारतातही आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे वाहने व कारखाने थांबले, तेव्हा जालंधरच्या गच्चीवरून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरील धौलाधारची हिमशिखरे दिसू लागली. डोंगर तेथेच होते. त्यांच्यापुढचा पडदा तेवढा दूर झाला होता.

दृश्यमानतेपलीकडचे संकट

जे कण प्रकाश अडवितात तेच फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. जाडी धूळ नाकात व घशात अडते, २.५ मायक्रॉनखालील कण वायुकोशांपर्यंत जातात आणि श्वसनविकार, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढवितात. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार सूक्ष्म कणांची मर्यादा चोवीस तासांसाठी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम व वर्षाच्या सरासरीसाठी ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच मर्यादा अनुक्रमे १५ व ५ वर आणण्याची शिफारस केली. दृश्यमानता हे या मोजमापाचे पर्यायी साधन नव्हे, कारण ती ओलाव्यावरही अवलंबून असते. तथापि कोरड्या दुपारी जवळची टेकडी वारंवार धूसर दिसू लागली, तर ती सूचना समजावी.

महाराष्ट्राला समुद्राच्या वाऱ्याचा व पठाराच्या उंचीचा आधार आहे. पण तो अभंग नाही. हिवाळ्यात मुंबईचे वारे मंदावतात, तेव्हा हवा साचते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात महानगरपालिकेने बांधकामांवरील धुळीसाठी नियम जारी केले. २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मुंबई, पुणे, नागपूर व चंद्रपूर यांसह राज्यातील अनेक शहरांचा समावेश झाला.

गावाच्या हातातील कामे

पहिले काम कचऱ्याचे. उघड्यावर कचरा जाळण्यास नियमाने मनाई आहे. पण ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याची सोय नसेल, तर मनाई कागदावरच राहते. ग्रामपंचायतीने प्लॅस्टिक वेगळे गोळा केले आणि खताचे खड्डे चालू ठेवले, तर काडी लावण्याचे कारणच उरत नाही.

दुसरे काम उसाच्या पाचटाचे. तोडणीनंतर फड पेटविल्याने सूक्ष्म कण हवेत जातात आणि जमिनीचा सेंद्रिय अंशही जळतो. खोडव्यात पाचट सरीत दाबून कुजविल्यास ओल टिकते व तण कमी होते. दहा शेतकऱ्यांना मिळून पाचट बारीक करण्याचे यंत्र मिळवून देणे हे काम दंडाच्या नोटिशीपेक्षा अधिक फळ देईल.

तिसरे काम रस्त्यावरचे. गळिताच्या हंगामात, धूर आणि धुके एकत्र आलेल्या पहाटे, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली ही जीवघेणी ठरते. तिच्या मागील बाजूस परावर्तक पट्ट्या लावून घेणे अल्प खर्चाचे आहे. वाहनचालकांनीही ध्यानात ठेवावे की, धुक्यात दिव्यांचा प्रखर झोत कणांवरून मागे विखुरतो आणि चालकाच्याच डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतो. अशा वेळी दिव्यांचा झोत खाली ठेवावा आणि वेग कमी करावा.

चौथे काम शाळांचे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे दोन-चार थेंब टाकावेत व अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत सोडावा. बाजूने पाहता पाणी निळसर आणि समोरून पाहता दिवा पिवळसर-तांबूस दिसतो; दूध वाढवीत गेल्यास सारे पांढरे होते व पेल्यामागील अक्षर पुसले जाते. हा प्रयोग झाल्यावर शाळेच्या गच्चीवरून दिसणाऱ्या सात-आठ खुणा निवडाव्यात, त्यांची अंतरे नकाशावरून मोजावीत आणि सकाळी दहा व दुपारी तीन वाजता शेवटची दिसणारी खूण वहीत लिहावी. सोबत ओल्या व कोरड्या तापमापकांवरून आर्द्रता नोंदवावी. वर्षभर ही वही नेटाने भरली, तर ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगा पुरावा तयार होईल. कोणत्या आठवड्यात, कोणत्या दिशेला, कशाच्या धुराने क्षितिज जवळ आले, हे गावातील मुलांच्याच हस्ताक्षरात लिहिलेले असेल. आणि त्यावर निर्णय घेणे पंचायतीला टाळता येणार नाही.